पाय कुणाचे, पडदा कुणाचा?

(जळगावला भरलेल्या दलित तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय 'माझे आवडते नाचाचे सिनेमे'. खाली बसलेले एक जुने कार्यकर्ते मघाशी म्हणाले, "च्यायला, चळवळीच्या मेळाव्यात हे काय नाचगाणं काढलं? अत्याचारावर बोला, नोकऱ्यांवर बोला." मी म्हटलं, काका, त्याच्यावरच बोलणार आहे. नाच कुणी करायचा, बघायचा कुणी नि त्याचा पैसा कुणी खायचा, हे या देशात जातच ठरवत आलीय. मग नाचाचा सिनेमा जातीबाहेरचा कसा असेल?

मी पंडित नाही. मॅट्रिक झालेला माणूस. धुळे जिल्ह्यातलं गाव सोडून मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो, नि मधल्या वेळात कविता लिहितो. सिनेमा मी पुस्तकात वाचलेला नाही. आजीच्या मांडीवर बसून बघितलाय. म्हणून सुरुवात आजीपासून.

मी आठेक वर्षांचा असेन. रविवारी दुपारी सह्याद्री वाहिनीवर 'पिंजरा' लागला होता. गल्लीत दोन-तीन घरांतच टीव्ही. सगळी पोरं दारात. पडद्यावर संध्याबाई नाचत होत्या, मी तोंड उघडं टाकून त्यांचे पाय बघत होतो. आजीनं टपली मारली नि म्हणाली, "तिना पाय नको देखू भाऊ. तिना डोया देख. डोयामा झोप शे का?"

मी बघितलं. झोप नव्हती. डोळे कसे लख्ख, काजळ घातलेले, टपोरे.

आजी म्हणाली, "मंग ती फडातली नव्हं." नि उठून चुलीकडं गेली.

तेव्हा मला काही कळलं नाही. फार उशिरा कळलं की आजीची थोरली बहीण तमाशाच्या फडात होती. आमच्या घरात तिचा फोटो नाही. तिचं नाव कुणी घेत नसे. आजीला फक्त तिचे डोळे आठवत होते. रात्रभर उभं राहून नाचायचं, पहाटे पायातले चाळ सोडायचे, दिवसा बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये सामानाच्या पेट्यांवर डोकं टेकायचं, नि संध्याकाळी पुढच्या गावच्या जत्रेत परत तोंडाला रंग. त्या बाईच्या डोळ्यात कायम झोप असायची. आजीकडं सिनेमा तपासायची ही एकच पट्टी होती. दोस्तांनो, मोठमोठ्या समीक्षकांना सापडली नाही अशी पट्टी आहे ती. आज मी तीच घेऊन तुमच्यापुढं उभा आहे.

आता इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपला इतिहास आपल्याला कुणी शिकवत नाही.

तमाशा उभा केला महार, मांग, कोल्हाटी या जातींनी. ढोलकी, तुणतुणं, हलगी, कडं आपलं. गळा आपला, पाय आपल्या आया-बहिणींचे. पण नाव झालं कुणाचं? पठ्ठे बापूराव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866, रेठरे हरणाक्षचे. माणूस मोठा कवी होता, त्याबद्दल वाद नाही. जात सोडून फडात आला, हेही थोर. पण त्यांच्या फडाला गर्दी खेचणारी पवळा महाराची पोर होती, संगमनेरकडची. बापूरावांचं नाव शाळेच्या पुस्तकात गेलं. पवळा लोकांच्या तोंडी राहिली, तीही बापूरावांच्या नावाला चिकटून.

बाबासाहेबांची एक गोष्ट आपल्यात सांगतात. महाडच्या लढ्याचा काळ, 1927. पठ्ठे बापूराव बाबासाहेबांना म्हणाले, माझ्या खेळांचं उत्पन्न चळवळीला घ्या. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महारांच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो, आणि सांगायलाच पाहिजे. पण ती सांगताना आपली एक चूक होते. तिच्याकडं मी शेवटी येतो.

स्वातंत्र्य आलं. 1947 साली 'लोकशाहीर रामजोशी' हा सिनेमा आला. बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम, गदिमा अशी सगळी मातब्बर मंडळी. जयराम शिलेदार रामजोशी झाले, हंसा वाडकर नाचल्या. सिनेमा तुफान चालला, नि मराठीत तमाशापटाची लाट तिथून उठली. आणि साधारण त्याच काळात मुंबईच्या सरकारनं खरा तमाशा अश्लील ठरवून त्याच्यावर बंदी घातली. पुढं बंदी उठवली, पण खेळाची वही सरकारकडून तपासून घ्यायच्या अटीवर. म्हणजे बघा, पडद्यावरची लावणी ही कला, नि जत्रेतली लावणी हा गुन्हा! पडद्यावर सोलापूरचा ब्राह्मण शाहीर नि त्याची रसिकता. जत्रेत मात्र मांगाची पोर, म्हणून पोलीस.

मग 1959. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला 131 आठवडे चालला. अडीच वर्षं एकाच थेटरात एकच सिनेमा! वसंत पवारांचं संगीत, हंसा वाडकर, नि बुगडीच्या गाण्यावर नाचलेली जयश्री गडकर. त्या एका नाचानं जयश्रीबाई घराघरांत गेल्या. आजीनं हा सिनेमा पोरवयात जत्रेतल्या तंबूत बघितला. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मधे कापड बांधलेलं, नि मशिनचा घरघर आवाज. तिला तो आवडला होता आणि मलाही आवडतो. का आवडतो ते सांगतो. त्यात गावच्या पाटलाचं पाप तमाशाच्या फडावरून गावासमोर येतं. भर गर्दीत एक नाचणारी बाई म्हणते की मी सांगते, तुम्ही ऐका. ही तमाशाची खरी ताकद. सोंगाड्यानं पाटलाची टिंगल करायची, मावशीनं देवाला चिमटा काढायचा, नि पाटलानं पुढच्या गादीवर बसून ते मुकाट ऐकायचं. रात्रीपुरतं का होईना, गावचं तोंड आपल्या हातात.

पण त्या सिनेमातसुद्धा गोम आहेच. जी पोर नाचते ती जन्मानं फडातली नसते. मूळची शेतकरी घरातली, संकटानं फडात वाढलेली. म्हणजे प्रेक्षकानं डोळ्यात पाणी आणावं, पाटलाच्या पोरानं जीव लावावा, तर ती पोर फडात जन्मलेली चालत नाही. फडात जन्मलेल्या पोरीसाठी कोण रडणार? आमच्या आजीच्या बहिणीसाठी 131 आठवडे कुणी रडलं नाही. 131 मिनिटं पण नाही.

नंतर धडाका लागला. 1964 ला 'सवाल माझा ऐका', 1965 ला 'केला इशारा जाता जाता', तो लीला गांधींचा. लीला गांधींचा नाच मी आजही मोबाइलवर लावून बघतो. काय चपळ बाई! पण या बहुतेक सिनेमांत नाचणारीला गाव नाही, आई नाही, जात नाही. ती आभाळातून नऊवारी नेसूनच पडते. जात नाही म्हणजे पुरोगामीपणा, असं समजू नका. जात लपवली की अत्याचारही आपोआप लपतो. मग उरतं काय? तर कंबर.

आता 'पिंजरा'. साल 1972. शांतारामबापू, संध्या, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले. खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत. गोष्ट मूळ जर्मनीच्या 1930 च्या 'द ब्लू एंजल'ची, पण इथल्या मातीत अशी बसवलीय की उसनी वाटत नाही. आदर्श मास्तर गावातनं तमाशा हाकलायला जातो नि नाचणारीच्या नादी लागतो. शेवटी ज्या मास्तराचा पुतळा गावानं उभा केला, त्याच मास्तराच्या खुनाखाली तोच मास्तर पकडला जातो. ही कल्पना जबरदस्त आहे. पुतळ्यासाठी जिवंत माणूस मारावा लागतो. आपल्या चळवळीतल्या पुढाऱ्यांनी हा सिनेमा दर वर्षी एकदा बघावा, असं माझं मत आहे. (टाळ्या कशाला? तुम्हीपण बघा.)

पण मास्तर बिघडला तर दोष कुणाचा? बाईचा! मास्तराची नीती म्हणजे काचेचं भांडं, नि बाई म्हणजे दगड. फड हाकलला तर त्या बायांनी खायचं काय, हा प्रश्न मास्तरालाही पडत नाही नि सिनेमालाही. लक्षात ठेवा, 1972 हे तेच साल, ज्या साली मुंबईत दलित पँथर जन्मली. एकीकडं थेटरात गाव नाचणारीला दोष देत होता, नि दुसरीकडं आपली पोरं रस्त्यावर विचारत होती की खेड्यापाड्यात आमच्या आयाबहिणींच्या अंगावर हात टाकणाऱ्यांचं काय? हे दोन सिनेमे एकाच वेळी चालू होते. एकाला तिकीट होतं, दुसऱ्याला लाठ्या.

आता जरा दम खाऊन माझ्या सगळ्यात आवडत्या नाचाकडं येतो. तो तमाशापट नाही. 1951 चा 'अलबेला'. भगवानदादा!

भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचं पोर. स्वतः मजुरी केलेला, कुस्तीचा नाद असलेला माणूस. त्यानं स्वतः सिनेमा काढला, स्वतः दिग्दर्शन केलं, नि स्वतः हिरो झाला. बुटका, गोल, तोंडावर हिरोपणाचं एक लक्षण नाही. समोर गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं. गोष्टसुद्धा तीच, नाचाचं नि नटाचं वेड असलेल्या एका गरीब पोराची.

त्याचा नाच नीट बघा. उडी नाही, गिरकी नाही. गुडघे जरासे सैल, खांदे हलतात, मनगटं हलतात, पाय जागच्या जागी पुढं-मागं. लोक म्हणतात त्याला नाचता येत नव्हतं. साफ खोटं. हा पाळी भरून आलेल्या माणसाचा नाच आहे. मी आठ-आठ तास ओझ्याखाली असतो, मला ते शरीर ओळखू येतं. पाठ दुखत असते, मांड्या भरलेल्या असतात, पण ढोल वाजला की अंग ऐकत नाही. मग माणूस जेवढं शिल्लक आहे तेवढंच हलवतो. भगवानदादानं कामगाराच्या अंगात उरलेल्या तेवढ्याशा जोरातून नाच काढला. म्हणून तो सगळ्या हिंदुस्थानाला जमला. गणपतीत, वरातीत, जयंतीत बघा, बिनशिकलेला माणूस जो नाचतो तो त्याचाच नाच. अमिताभ बच्चनच्या नाचावरसुद्धा त्याची छाप आहे. फरक एवढाच की अमिताभचा बंगला राहिला. भगवानदादाचा जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, नि 2002 साली तो दादरच्या चाळीत वारला. पण चाळीखालून गणपती जायचा तेव्हा पोरं थांबून त्याच्यासाठी नाचायची, असं सांगतात. आता बोला, कुणाचा पुतळा मोठा?

आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडून घेतलं. त्यांच्याकडंही हीच गोष्ट आहे. 1943 चा 'स्टॉर्मी वेदर' मिळाला तर बघा. निकोलस बंधू म्हणून दोघं काळे भाऊ आहेत. मोठ्या जिन्यावरनं एकमेकांच्या डोक्यावरून उडी टाकतात नि खाली पाय फाकवून जमिनीला टेकतात, हात न लावता उठतात, परत उडी. बघताना माझा श्वास अडकतो. पण गोऱ्यांच्या सिनेमात काळ्या कलावंतांना काय मिळायचं? गोष्टीत जागाच नाही. नाच मधेच, सुटा. लीना हॉर्न नावाच्या गायिकेची गाणी अशी सुटी घ्यायचे की दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या प्रेक्षकांना नको असतील तर कात्री लावून काढता यावीत. गोष्ट तुटायची नाही. आपल्या सिनेमात नाचणारीची जात कापली, तिकडं अख्खं माणूसच कापायची सोय ठेवली. कात्री एकच आहे रे भो, फक्त मूठ वेगळी.

आता आपल्या खान्देशात येऊ. शिरपूरच्या पाटलांच्या घरची पोर, स्मिता पाटील. जन्म 1955, गेली 1986 ला, एकतिसाव्या वर्षी. मोठ्या घरातली, पुढाऱ्याची मुलगी. पण तिनं काय काय केलं बघा. 1977 ला 'जैत रे जैत' मध्ये ठाकरांच्या नाचात पाय टाकला. तो नाच बघितला की मला आपल्या सातपुड्यातली होळी आठवते. भिल्ल-पावऱ्यांचा नाच म्हणजे हातात हात, एकच गोल. बघणारा वेगळा नि नाचणारा वेगळा, असं तिथं नसतं. पुढच्या गादीवर पाटील बसलेला नसतो. दौलतजादा नाही. नाच विकला जाण्याआधी असा होता, हे त्या सिनेमात दिसतं.

त्याच साली बेनेगलांचा 'भूमिका' आला. ज्या हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' गाजवला, त्यांनीच त्याच नावानं आत्मकथा सांगितली, ती पुस्तक म्हणून 1970 ला आली. तिच्यावरून हा सिनेमा. सुरुवातीलाच लावणीचं शूटिंग चाललेलं आहे, स्मिता नाचतेय. कॅमेऱ्यापुढं हसरी, कॅमेरा थांबला की थकलेली. मी तो सिनेमा बघितला तेव्हा आजी हयात होती. मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं डोळे बारीक करून बघितलं नि म्हणाली, "हाई पोरना डोयामा झोप शे." मग थोडा वेळ थांबून, "ती आपलीच पोर शे."

आता स्मिता काही आपल्या जातीची नव्हती. पण आजीच्या बोलण्यात जात नव्हती, डोळ्यातली झोप होती. एका पाटलाच्या पोरीनं नाचणारीच्या डोळ्यातली झोप ओळखली नि ती पडद्यावर आणली, याला मी सलाम करतो. तिला त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि पाचच वर्षांनी, 1982 ला, तिलाच 'नमक हलाल' मध्ये पावसात भिजवून नाचवलं. ते शूटिंग करून ती घरी जाऊन रडली, असं सांगतात. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार असो, बाप पुढारी असो, कॅमेऱ्यानं एकदा कंबर मागितली की मागितली. मग जिच्यामागं कुणीच नाही तिचं काय?

विठाबाई नारायणगावकर आठवा. भाऊ-बापू मांग यांच्या घराण्यातली. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होती. कळा आल्या, पडद्यामागं गेली, बाळंत झाली, नाळ दगडानं तोडली, नि कासोटा घट्ट करून परत बोर्डावर आली. राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळालेली बाई, 2002 साली हलाखीत गेली. भगवानदादा नि विठाबाई एकाच वर्षी गेले. त्या वर्षी महाराष्ट्राचं खरं थेटर बंद झालं, असं मी मानतो. सिनेमावाल्यांनी तमाशावर इतके सिनेमे काढले, इतके पैसे केले. त्यातले किती फडावर पोचले, विचारा.

2010 चा 'नटरंग' मला अर्धा आवडतो. रवी जाधव यांचा, आनंद यादवांच्या कादंबरीवरून. अतुल कुलकर्णींनी रांगड्या मजुराचा नाच्या केला, ते करताना शरीर कसं मोडून परत घडवलं! पुरुषानं बाईसारखं कंबर हलवली म्हणून गाव त्याच्यावर जो अत्याचार करतं, तेही दाखवलं. नाच करणाऱ्या पुरुषाला माणूस म्हणून उभं केलं, हे मोठं काम. पण लोकांनी उचललं काय? लावण्या. पुढची दहा वर्षं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला त्याच लावण्यांवर पोरी नाचल्या, नि नोटा उडाल्या.

आता आपल्या काळातले, आपल्या माणसानं काढलेले सिनेमे. नागराज मंजुळे.

2013 चा 'फँड्री'. जत्रा भरलीय, ढोल-हलगी वाजतेय. जब्या नवीन कपडे घालून आलाय, त्याला नाचायचंय, कारण ती पोरगी बघतेय. आणि त्याच्या डोक्यावर बत्ती येते. उजेड धरायचा, दुसऱ्यांच्या नाचाला. दोस्तांनो, मराठी सिनेमात शंभर नाच झाले असतील. पण प्रत्येक नाचाच्या कडेला बत्ती धरून कोण उभा होता, हे पहिल्यांदा मंजुळेनं दाखवलं. मी त्या जागी थेटरात रडलो. माझा बाप वरातीत बत्त्या धरायचा. वराती दुसऱ्यांच्या. पेट्रोमॅक्सची धग कानाला लागते, मान हलवता येत नाही, नि ढोल मात्र तुमच्याही पोटात वाजत असतो.

मग 29 एप्रिल 2016, 'सैराट'. अख्खा महाराष्ट्र नाचला. थेटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचले, मीपण नाचलो. शाळकरी पोर होतो. सवर्ण नाचला, दलित नाचला, कुणी कुणाला जात विचारली नाही. मला वाटलं, आली समता. आणि शेवटी काय आलं? रक्तात पाय बुडवून बाहेर जाणारं लेकरू. नाचवून नाचवून त्यानं आपल्याला त्या दारापर्यंत नेलं. पण लोकांनी नाच घरी नेला, दार थेटरातच सोडलं. त्याच 2016 सालात ॲट्रॉसिटी कायदा बदला म्हणून मोर्चे निघाले. गाण्यावर एकत्र नाचणं सोपं आहे. गाणं संपल्यावर एका विहिरीवर एकत्र उतरणं अवघड.

विहीर मी उगाच म्हटलं नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यात, वाकडी गावात जून 2018 मध्ये आपली लहान पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून मारलं, नि त्याचा व्हिडिओ काढला. तोही सिनेमाच होता. त्यातही आपल्या पोरांचे पाय होते, अंग चोरून, पानं धरून उभे राहिलेले. तोही लोकांनी मोबाइलवर बघितला.

आणि 1 जून 2023, नांदेडजवळ बोंढार हवेली. ज्या गावात आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघत नव्हती, तिथं पोरांनी ती काढली. महिना-दीड महिन्यानं लग्नाची वरात निघाली, तलवारी नाचल्या, नि आपला 24 वर्षांचा पोरगा भोसकून मारला. आरोप वरातीतल्या लोकांवर आहे. विचार करा. एकाच रस्त्यावर दोन नाच. एकाला तलवार चालते, दुसऱ्याला निळा झेंडासुद्धा चालत नाही. म्हणून मी मघाशी काकांना म्हटलं की नाचावर बोलतो म्हणजे अत्याचारावरच बोलतो.

म्हणून मला 2022 चा 'झुंड' आवडतो. त्यात नागपूरच्या वस्तीतली जयंती आहे. डीजे लावून पोरं नाचतायत, वर बाबासाहेबांचा फोटो. लोकांनी नाकं मुरडली. आपल्यातल्याही शिकलेल्यांनी मुरडली. वैचारिक जयंती करा म्हणाले. करा की! पुस्तकं वाटा, व्याख्यानं ठेवा, मी पहिल्या रांगेत बसेन. डीजेचा आवाज म्हाताऱ्यांच्या छातीला लागतो, तेही खरं, तो कमी करा. पण ज्या माणसाच्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या नाचाला बत्ती धरली, तो वर्षातून एकदा स्वतःच्या उजेडात नाचला तर त्याला नावं ठेवू नका. दौलतजादा नाही, गादीवर पाटील नाही, आपल्याच रस्त्यावर, आपल्याच बापासाठी नाचतोय तो.

आता ती चूक, जिच्याकडं शेवटी येतो म्हणालो होतो.

बाबासाहेबांनी पैसा नाकारला. बाई नाकारली नव्हती. पैसा नाकारला तो बाईची किंमत होती म्हणून. आपण काय केलं? 1956 नंतर आमची माणसं बुद्धाकडं आली, फार चांगलं झालं, गुलामी टाकली. पण फडातल्या बायांनाही टाकलं. आजीची बहीण एकदा परत आली होती. पाय सुजलेले, घोटे चाळांनी काळे पडलेले. आजीच्या बापानं तिला दारात पाणी दिलं, आत घेतलं नाही. म्हणाला, आता आपण बौद्ध आहोत, आता हे चालत नाही. ती पाणी प्याली नि गेली. कुठं गेली, कुणाला माहीत नाही. माझ्या पणजोबानं बाबासाहेबांचं नाव घेऊन हे केलं. ज्या गावानं आम्हाला दारात पाणी दिलं, त्याच गावाची रीत आम्ही आमच्या पोरीवर चालवली. ही गोष्ट आजीनं मला मरायच्या आधी दोन महिने सांगितली. मी ती आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. तुम्हाला शरम वाटत असेल तर वाटू द्या. मलाही वाटतेय.

तेव्हा आता दोनच मागण्या करतो, नि खाली बसतो.

पहिली. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावोगावी फडात काम केलेल्या म्हाताऱ्या अजून आहेत. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. जा, त्यांच्यापुढं बसा. नाचून दाखवा म्हणू नका, नाव विचारा. आईचं नाव, फडाचं नाव, किती कोसांवर जत्रा, किती बिदागी ठरली नि किती हातात पडली, ते विचारा. ते या मासिकाच्या पानांवर छापू. त्यांनी सांगायचं, आपण ऐकायचं.

दुसरी. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगल्यावर बाबासाहेब मुक्कामाला राहिले, म्हणून दर 31 जुलैला आपण तिथं जमतो. पुढच्या खेपेला आणि पुढच्या 14 एप्रिलला मिरवणुकीत पोरी पुढं असू द्या. आमच्या गल्लीत या वर्षी पोरींनी लेझीम मागितलं, तर मोठी माणसं म्हणाली, आपल्या पोरी रस्त्यावर नाचत नसतात. का नाचत नसतात? शंभर वर्षं दुसऱ्यांच्या पैशावर नाचल्या, तेव्हा गावानं डोळे फाडून बघितलं. आता एक दिवस बिनपैशाच्या, स्वतःच्या खुशीनं नाचू द्या. रात्री वेळेवर घरी या म्हणावं, पोटभर जेवा, पोटभर झोपा.

मी कडेला उभा राहून बत्ती धरीन. आमच्या घराला ती सवय आहे. फक्त या वेळी उजेड कुणासाठी धरलाय, ते मला माहीत असेल.

जय भीम.